गर्दीसाठी प्रोसेसर

आमची जीपनी, म्हणजे प्रवासी वाहणारी लांबडी जीप, भंगारात गेली आणि माझा नवरा डेल्फिन भांडायचा थांबला. शेजारणी म्हणाल्या, "कोंचिता, सुटलीस गं बाई!" सुटले कसली? डेल्फिनने उभी हयात मारिकिना ते कुबाओ प्रवासी वाहिले. आमच्या मार्गावरच्या जुन्या जीपन्या बंद झाल्या, नवी घ्यायची आमची ऐपत नव्हती, आणि हा दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला तो बसलाच. माझा थोरला भाऊ काम सुटल्यावर असाच बसला होता. वर्षाच्या आत त्याला पोहोचवून आलो आम्ही. मला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली होती.

आमची लेक मारिबेथ कॉल सेंटरमध्ये काम करते. तिने एक दिवस मोबाईलवर दाखवलं, कॉम्प्युटरवर जीपनी चालवायचा गेम. आपल्यासारखेच रस्ते, तशीच नटवलेली जीपनी, हातात धरायला खरं स्टिअरिंग. माझी भिशी लागली होती. पैसे पत्र्यासाठी ठेवले होते, पण पत्रा गळला तर खाली बादली लावता येते. म्हटलं, चल.

गिल्मोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत आमचा अख्खा शनिवार गेला. पायाचे तुकडे पडल्यावर एका पायरीवर बसून मारिबेथने मला समजावलं. आईला ती नानाय म्हणते, बापाला तातय.

"हे बघ नानाय, महागाच्या वस्तू दोन. प्रोसेसर विचार करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. दोन्ही भारी घ्यायला आपल्याला परवडणार नाही. एक चांगलं घ्यायचं, दुसऱ्यावर भागवायचं."

"मग कशावर भागवायचं?"

"प्रोसेसरवर. सगळे म्हणतात, पैसे कार्डावर घाला."

"हे सगळे म्हणजे कोण?"

"इंटरनेटवरचे."

"त्यांनी कधी जीपनी चालवलीय?"

"नानाय, तू सियोपाव खा बरं. गार होतोय."

मी तो सारण भरलेला पाव खाल्ला. कार्ड आलं, चांगलं दोन पंख्यांचं. प्रोसेसर मात्र स्वस्तातला.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा मी हात जोडायचीच बाकी होते. इतकं निळं आभाळ कुबाओवर मी जन्मात पाहिलं नाही. जीपनीच्या बॉनेटवर ऊन चमकत होतं. डेल्फिन स्टिअरिंगवर बसला, एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि म्हणाला, "माणसं कुठायत?"

"कमी ठेवलीत, तातय. गर्दी वाढवली की अडकतं."

"वाढव."

तिने वाढवली. जीपनी उचक्या देत दोन पावलं गेली आणि रस्त्यातच थिजली. डेल्फिनने हात खाली घेतले. "रिकामी गाडी फिरवायची म्हणजे नुसतं डिझेल जाळायचं," एवढं बोलून तो परत दारातल्या खुर्चीत जाऊन बसला.

मारिबेथ रडली. मग नाक पुसून कॉम्प्युटरमध्ये काहीबाही तपासत बसली. "बघ, प्रोसेसर मर मर राबतोय आणि कार्ड आरामात पडलंय."

"मग आपल्या घरात यात नवीन काय?" मी म्हटलं. रडता रडता हसली पोरगी.

"चुकलं माझं, नानाय. स्टॉपवरचा माणूस कधी हात करणार, कोणती ट्रायसिकल रिक्षा आडवी येणार, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. कार्ड त्यांना नुसतं रंगवतं. इंटरनेटवरच्यांना देखावा हवा असतो. तातयला गर्दी हवीय."

ऑफिसातल्या एकाला तिने ते कार्ड विकलं. त्या पैशांत एक साधं, वापरलेलं कार्ड आणलं, त्याच बोर्डावर बसेल असा चांगला प्रोसेसर आणला. आभाळाचा निळा रंग उतरला. इमारतींच्या कडा खडबडीत दिसायला लागल्या. मला तर ते खऱ्या कुबाओसारखंच वाटलं.

डेल्फिन उठेना. "माझी भिशी गेलीय यात, निदान बसून तरी बघ!" असं मी ओरडले तेव्हा कुठे उठला.

मी चुलीपाशी होते. पाठीमागे हॉर्न, इंजिनं, कलकल. आणि मग, "अरे ए गाढवा! रस्ता तुझ्या बापाचा आहे का?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मारिबेथने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

वळून पाहिलं तर डेल्फिनची नजर रस्त्यावर होती आणि उजवा हात खांद्यावरून मागे आला होता, तळवा उघडा. जीपनीत मागचे लोक भाडं हातोहात पुढे देतात आणि ड्रायव्हर न बघता हात मागे करून घेतो. गेममध्ये नाणं नुसतं वाजतं. मागे हातात ठेवायला कोणी नसतं. हात तसाच थांबला. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण बोटं हळूहळू मिटायला लागली.

मी हात पुसले, खिशातलं नाणं काढलं, स्टूल ओढून त्याच्या मागे बसले आणि मिटत्या मुठीत ते नाणं ठेवलं.

"भाडं घ्या. एक कुबाओ."

तो वळला नाही. नाणं बोटांनी चाचपलं. "कुठून बसलात?"

"मारिकिनाहून."

"मग हे कमी आहे, बाई."

"ज्येष्ठ नागरिकाला सवलत असते!"

"कार्ड दाखवा. सगळ्याच म्हाताऱ्या असं सांगतात."

"म्हातारी कोणाला म्हणतोस रे?"

कुबाओ येईपर्यंत आम्ही भांडत होतो.