साहेबांचा डावा हात

स्मारकाच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. माजी नेत्याचा, म्हणजे सगळ्यांच्या साहेबांचा, पहिला स्मृतिदिन. समोर साहेबांचा बसलेला धातूचा पुतळा होता. डावा हात गुडघ्यावर, उजवा शेजारच्या धातूच्या मेजावर. भाषणं संपली आणि पुतळ्याला हार घालताना त्याच्या उजव्या हाताला टेकलेली एक बाई किंचाळली, "अगंबाई! हात गरम आहे!"

झालं. जो तो उजव्या हाताकडे झेपावला. साहेबांच्या सेक्रेटरीला निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्याने माईक पकडला.

"साहेब गेलेच नाहीत! रांगेत या, हात धरा! औषधं पायाशी ठेवा, दुखणं साहेबांवर सोडा! चला, पुढे सरका, साहेबांना इतरही कामं आहेत!"

साहेब मेले, तरी त्यांच्या भेटीची वेळ हाच ठरवत होता.

मग त्याने सिस्टरांना पुढे घेतलं. शेवटच्या आजारात साहेबांच्या उशाशी बसलेल्या या नर्स. त्यांच्याच मुठीत तो हात गार पडला होता. सिस्टरांनी धातूचा हात धरला. ऊब लागली, तसे त्यांनी डोळे पुसले.

"हा हात गार पडताना मी पाहिलाय," त्या माईकवर म्हणाल्या. "आज गरम आहे."

टाळ्यांनी छत दणाणलं.

दोन दिवसांनी सिस्टरांची धाकटी बहीण लेकीला खांद्यावर टाकून वॉर्डात धावत आली. पोरीला मधुमेह, रोज इन्सुलिन लागायचं. उलट्यांनी ती गळून गेली होती, धापा टाकत होती. डॉक्टरांनी घाईघाईने सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं.

"इंजेक्शन कधी दिलंस?" सिस्टरांनी विचारलं.

"बंद केलं. साहेबांचा हात धरवला ना तिला. बाटली तिथेच ठेवली."

"अक्कल गहाण ठेवलीस का गं?"

"त्या सेक्रेटरीचं ऐकायला मी खुळी नाही, ताई!" बहीण उसळली. "तू म्हणालीस, म्हणून ऐकलं."

सिस्टरांना मान वर करवेना. नवशिक्या नर्सना त्या नेहमी दटावत, 'एका हाताच्या नाडीवरून बोलायचं नाही, दुसराही हात तपासा.' आणि स्वतः? मन भरून आलं, तेवढ्यावर साक्ष दिली.

संध्याकाळी पोरीने डोळे उघडले, "मावशी, पाणी" म्हणाली. तशा सिस्टर तडक सभागृहात गेल्या. रांग तशीच होती. पुतळ्याच्या पायाशी बाटल्या आणि गोळ्यांचा ढीग होता. त्यांनी रांगेसाठी बांधलेला दोर ओलांडून पुतळ्याचा डावा हात धरला.

थंडगार.

"अहो सिस्टर, तिकडून नाही! रांग इकडून!" सेक्रेटरी ओरडला.

त्या मेजामागे वाकल्या. आतून धग आली. साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून पोकळ मेजात भला मोठा दिवा बसवला होता. वर चेहऱ्याकडे उजेड जात होता, आणि मेज तापून वरचा हात तापत होता. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"आता थांबा जरा."

लोक थांबले. हळूहळू हात निवला.

"साहेब रागावले!" सेक्रेटरी म्हणाला. "विटंबना केलीत तुम्ही!"

"साहेबांचा राग बटणावर चालतो होय?" रांगेतून एक म्हातारा म्हणाला. हशा पिकला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माईक घेतला.

"दिव्याने धातू तापला, एवढंच. मी खात्री न करता बोलले आणि माझी भाची मरता मरता वाचली. मला लाज वाटते. माझ्या पांढऱ्या कपड्यांवरही विश्वास ठेवू नका. कुणी काहीही सांगो, दुसरा हात धरून बघा. आणि औषधं परत न्या."

टाळ्या झाल्या नाहीत. एक आजी ढिगाशी वाकली.

"सिस्टर, यातल्या माझ्या गोळ्या कुठल्या गं?"

सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"थांबा आजी. दोनदा बघून सांगते."