पुढच्या चाकांचे नवे शॉकअप

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, दोनच माणसे बसतील एवढी. राणीसावरगावच्या शिवारात, दिनकररावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कडब्याच्या गंजीशेजारी पत्र्याखाली उभी असते. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, याची मला खात्री नाही. शर्यतीच्या मोटारीने शर्यती सांगाव्यात, आणि मी तर एकही जिंकलेली नाही. मला सांगायचे आहे ते फक्त माझ्या पुढच्या दोन चाकांविषयी, आणि माझ्यात बसून दवाखान्यात जाणाऱ्या एका बाईविषयी. तेवढे नीट सांगता आले तरी पुष्कळ झाले.

माझा जन्म विलायतेतला. लांब नाक, बुटके अंग, गुंडाळून ठेवायचे कापडी छत आणि पुढे दोन गोल डोळे. बोटीने मी मुंबईला आले आणि तिथून आगगाडीने हैदराबादला, एका बॅरिस्टरसाहेबांकडे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मला विकायला काढले. दिनकरराव त्या वेळी हैदराबादला कायदा शिकत होते. शेवटची परीक्षा न देताच ते मला घेऊन गावी आले. त्यांचे वडील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. गावातल्या पोरांनी माझे नाव 'बेडकी' ठेवले. मला त्याचा राग आला नाही, कारण आरशात पाहिले असते तर मलाही तसेच वाटले असते.

पुढच्या वर्षी वालूरहून नवी नवरी माझ्यातूनच आली. तिचे नाव नर्मदाबाई. वाऱ्याने तिचा डोक्यावरचा पदर एकसारखा उडायचा, ती तो धरायची आणि पुन्हा उडायचा. शेवटी तिने नाद सोडला आणि हसत बसली. माझ्यात बसून इतके मनापासून दुसरे कोणी हसल्याचे मला आठवत नाही.

अशी वीस वर्षे गेली. ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, आणि मी वर्षातून चार-दोनदा निघू लागले. अंगावर धूळ बसली, छताला उंदरांनी भोके पाडली. ते मी सोसले. नको असलेल्या वस्तूचे दुःख फार मोठे नसते, हे मला नंतर कळले.

सन चौऱ्याऐंशीच्या सुमाराला नर्मदाबाईंची पाठ दुखू लागली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितले की मणक्याला क्षय आहे. दर पंधरा दिवसांनी दाखवायला आणा, पाय लांब करून आणि पाठ टेकवून बसवा, आणि काही झाले तरी धक्का लागू देऊ नका. आता हे जमवायचे कसे? एस्टीत ते शक्य नव्हते. रेल्वेची पायरी त्यांना चढवत नव्हती. जीपची बैठक उंच आणि ताठ. माझी बैठक मात्र जमिनीलगतची, पाय पसरून बसावे अशीच घडवलेली. दिनकररावांना मी आठवले. त्यांनी मला धुतले, पुसले, बैठकीवर नवी गादी घातली. इतक्या वर्षांनी मी कोणाच्या तरी कामाला येणार होते.

पण माझे पुढचे शॉकअप गेलेले होते. मित्रांनो, शॉकअप म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि मग उसळते. नुसत्या स्प्रिंगवर सोडले तर गाडी झोपाळ्यासारखी हलतच राहील. तिला आवरतो तो शॉकअप. त्याच्या आत तेल असते, त्या तेलातून एक दट्ट्या सावकाश सरकतो आणि उसळी तिथल्या तिथे जिरते. माझे पुढचे शॉकअप जुन्या घडणीचे होते, म्हणजे एक लहानसे भांडे आणि त्यातून बाहेर आलेला लोखंडी हात. चाक त्या हातालाच धरलेले. भांड्यातले तेल केव्हाच गळून गेले होते.

दिनकररावांनी पहिली चूक मायेपोटी केली. स्वतःच्या रानातल्या करडईचे, घाण्यावरून काढून आणलेले तेल त्यांनी त्या भांड्यांत भरले. "इकतच्या तेलाचा काय भरवसा," असे म्हणाले. दोन खेपा खरोखर सुखाच्या झाल्या. वाटेतले पिंगळी गाव मागे पडले आणि नर्मदाबाईंना चक्क झोप लागली. पण करडईचे तेल हवेने घट्ट होते. तेलाची बरणी ठेवतात ती फळी कशी चिकटते, हे घरातली कोणतीही बाई सांगेल. दिनकररावांनी कोणाला विचारले नव्हते. चैत्राच्या उन्हात आतले तेल डिंकासारखे झाले आणि माझे दोन्ही हात आखडून बसले.

मग मला गंगाखेडला लिंबाजी मिस्त्रीच्या गॅरेजात नेले. लिंबाजीच्या हाताखालून टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर गेलेले, पण माझ्यासारखी गाडी त्याने पाहिलेली नव्हती. तो माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून खाली वाकला.

"मालक, ह्या बेडकीचं सामान इकडं भेटत न्हाई. त्यापरीस नळीचे नवे शॉकअप टाकू. टेम्पोचे हायेत माझ्याकडं, एकदम कोरे. मालाचं एवढं वझं तोलत्यात, तर ही काय, बेडकीच हाय."

"ते खरं. पण बाईला धक्का लागू नये, एवढं बघ."

"कशाचा धक्का? मक्खन चालंल, मक्खन."

तीन दिवस काम चालले. त्याने मला जॅकवर उचलले, चाके काढली, जाड पट्टीचे लोखंडी कान करून आणले आणि वर-खाली वेल्डिंग केले. जुनी भांडी काढता येईनात, कारण चाक त्यांच्याच हाताला होते. म्हणून त्याने आतले, तेल अडवणारे पितळी व्हॉल्व्ह तेवढे काढून नटबोल्टांच्या डब्यात टाकले आणि माझे हात मोकळे सोडले. मग त्या कानांत नवे शॉकअप बसवले, रबरे घातली, नट आवळले. काम स्वच्छ होते. हे मुद्दाम सांगते. लिंबाजीने कुठे हात आखडला नाही, कुठे चालढकल केली नाही.

त्याच्या गॅरेजची एक रीत होती. गाडी रिकामी तपासायची नाही. आमच्या भागात रिकामी गाडी चालते कुठे? म्हणून कोपऱ्यात सरकीची भरलेली पोती कायमची ठेवलेली असत. दोन पोती नर्मदाबाईंच्या बैठकीवर रचली, दोन मागे बांधली, माझ्या नाकावर दोन गडी बसवले, आणि लिंबाजीने मला गोदावरीच्या पुलापर्यंत नेऊन आणले. तेवढ्या ओझ्याखाली नवे शॉकअप छान दबत होते. मी पाण्यावरून सरकावे तशी चालले. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते. दिनकररावांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होते, ते मी परीक्षा सोडून आलेल्या त्या तरुण मुलाच्या चेहऱ्यावर पाहिले होते. मलाही अभिमान वाटला. तो वाटला होता, हे मी लपवत नाही.

दोन दिवसांनी त्या बैठकीवर नर्मदाबाई बसल्या. त्यांचे वजन तोवर अडतीस किलो उरले होते.

पहिल्याच खड्ड्याला मला कळले. टेम्पोच्या ओझ्यासाठी केलेला तो दट्ट्या त्या हलक्या बाईखाली जागचा हललाच नाही. शॉकअप कसला, दोन लोखंडी पहारीच माझ्या खांद्यांत ठोकलेल्या होत्या. प्रत्येक खड्डा चाकातून सरळ सांगाड्यात आणि सांगाड्यातून बैठकीत जात होता. दिनकररावांना ते जाणवत नव्हते. ते अंगाने धिप्पाड आणि निम्मे आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेले. गाडीचे डुलणे थांबले, एवढेच त्यांना दिसत होते. उरलेल्या कडकपणाला ते मजबुती समजत होते. पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी हळू केली आणि विचारले,

"कसं वाटायलंय? बरं हाय ना आता?"

"बरं हाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "लय चांगली चालायली."

मित्रांनो, मला तोंड नाही. मी फार तर आवाज करू शकते, आणि नव्या शॉकअपांनी तोही बंद केला होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दर पंधरवड्याला आम्ही जात राहिलो. नर्मदाबाईंनी एक युक्ती शोधली होती. खड्डा दिसला की त्या दोन्ही तळवे बैठकीच्या कडेला रोवून अंग थोडे उचलून धरायच्या. पुढे तळव्यांना घट्टे पडले. ते मला कळत होते, कारण माझ्याच पत्र्यावर ते घासत होते. आणि दर खेपेला पुलाच्या अलीकडे तोच प्रश्न, तेच उत्तर.

माघात एके दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचा बंद होता. एस्ट्या थांबलेल्या. औषध संपले म्हणून दिनकरराव एकटेच मला घेऊन परभणीला गेले होते. परतताना पिंगळीच्या फाट्यावर कासाबाई उभी दिसली. कासाबाई आमच्याच गावच्या धनगरवाड्यातली, मेंढरे राखणारी, साठीची बाई. लेकीला भेटून निघाली होती आणि बंदात अडकली होती.

"मालक, बेडकीत जागा हाय का?"

"बस की."

ती नर्मदाबाईंच्या जागेवर बसली. दोन-तीन मैल तिने बैठकीची कड धरून काढले. मग म्हणाली,

"मालक, जरा थांबवा. मी चालत येते."

"चालत? अगं, अजून गंगाखेड लय लांब हाय."

"असू द्या. मेंढराच्या पाठीवर बसून आले असते तरी एवढे हाडं खिळखिळे झाले नसते. वैनीला ह्याच्यातच नेता का काय तुमी?"

"तिला बरं वाटतं. तीच म्हणती तसं."

कासाबाईने त्यांच्याकडे पाहिले. "मग वैनी लय सोसती म्हणायची," असे ती म्हणाली. उतरली मात्र नाही. दिनकररावांनी उरलेली सगळी वाट बैलाच्या चालीने काढली.

तिसऱ्या प्रहरी आम्ही पोचलो. मला खिडकीखाली उभी करून ते घरात गेले. आतले बोलणे मला ऐकू येत होते.

"तुला गाडीत दुखतं का गं?"

आत खाट करकरली.

"थोडं."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

"मी दर खेपेला इचारत होतो की. का न्हाई सांगितलं?"

"इचारताना तुमचं तोंड कधी बघितलं का तुमी? लेकरू निकाल इचारायलंय असं वाटायचं. कसं न्हाई म्हणू?" मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "पाय बधिर पडायलेत. आठ दिवस झाले."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घरी आणले. आता हलवू नका, असे ते म्हणाले. हे धक्क्यांनी झाले का, असे दिनकररावांनी अंगणात, माझ्यापाशी उभे राहून विचारले. रोगाने असेल, धक्क्यांनी असेल, दोन्हींनी असेल, आता सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. मीही त्या दिवसापासून हाच प्रश्न विचारत आले आहे.

लिंबाजी निरोप मिळताच आला. तो नर्मदाबाईंच्या जागेवर बसला आणि दिनकररावांनी मला घेऊन गावाबाहेर एक चक्कर मारली. उतरल्यावर तो माझ्या दाराला धरून उभा राहिला.

"पोते बोलत न्हाईत, मालक," एवढेच म्हणाला.

त्याने नळीचे शॉकअप काढले. नटबोल्टांचा डबा उपडा केला तेव्हा एक पितळी व्हॉल्व्ह मिळाला, दुसरा मिळाला नाही. त्यासाठी तो स्वतः हैदराबादला गेला, जुन्या बाजारात हिंडून जोडीचा घेऊन आला. माझी भांडी रॉकेलने धुऊन करडईचा डिंक खरवडून काढला आणि योग्य ते पातळ तेल भरले. या सगळ्याला चार महिने लागले. तयार झाल्यावर दिनकररावांनी पोती लादली नाहीत. त्यांनी कासाबाईला बोलावून बसवले आणि खड्ड्याखड्ड्यांतून नेले.

"कसं हाय? खरं सांग."

"आता बरी हाय, मालक. खरंच बरी हाय."

त्यांनी किल्ली फिरवून मला बंद केले आणि तिला तिथेच बसलेली सोडून ते पायी घराकडे गेले. नर्मदाबाईंच्या कमरेखालचे सगळे अंग तोवर गेलेले होते. त्या आणखी दोन वर्षे खाटेवर होत्या. माझ्यात त्या पुन्हा बसल्या नाहीत.

आता विद्यापीठाचे नावही बदलून झाले. दिनकरराव म्हातारे झाले आहेत. सकाळी ते पत्र्याखाली येतात, दोन्ही तळवे माझ्या नाकावर ठेवून भार देतात आणि सोडतात. मी सावकाश खाली जाते, सावकाश वर येते, एकदाही उसळत नाही. ते पाहतात आणि निघून जातात. इतकी मऊ मी बॅरिस्टरसाहेबांकडेही नव्हते.

मित्रांनो, मला पुसा, झाका, जपा, असे मी मागत नाही. मला जपून आता कोणाचे काही होणार नाही. तुमच्या घरी कोणी दुखणेकरी असेल आणि त्याच्या सुखासाठी तुम्ही पुष्कळ खटपट केली असेल, तर "बरं आहे ना?" असे विचारू नका. त्या प्रश्नाला एकच उत्तर देता येते. त्याच्या जागेवर थोडा वेळ स्वतः बसा. आणि त्याने हात मागे घेतले तरी, एकदा त्याचे तळवे उघडून पाहा.