अक्कांचे गुलाबी कांदे

अक्कांनी एकोणीस वर्षं एकाच हॉटेलात कांदे केले. भाज्या नाहीत, रस्से नाहीत, फक्त व्हिनेगरमधले कांदे. जेवण यायच्या आधी टेबलावर त्या गुलाबी कांद्यांची वाटी यायची आणि माणसं गप्पांच्या नादात ती संपवून दुसरी मागायची. मालक गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे, "कृती आमच्या वडिलांची." वडिलांनी जन्मात कांदा सोलला नव्हता, हे अक्कांना ठाऊक होतं. पण नोकरी टिकवायची तर कान उघडे आणि तोंड बंद, हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या.

नवरा गेल्यापासून अक्का मुलीकडे राहत. मुलगी पस्तिशीची, फोनवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायची. बघणारे दीडदोनशे, त्यातले निम्मे नात्यातले. एका सुट्टीच्या दिवशी ती आईच्या शेजारी येऊन बसली.

"आई, तुझे कांदे दाखव ना. हॉटेलसारखे, घरच्या घरी."

"नको गं. मालकांना कळलं तर?"

"कळेल कसं? चेहरा नाही, नाव नाही. नुसते हात दिसतील."

अक्कांनी आढेवेढे घेतले, पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुम्ही हे करता तरी कसं. मग त्या सांगतच सुटल्या. कांदे लिंबाएवढेच घ्यायचे. वरून चार चिरा द्यायच्या, पण बुडखा उडवायचा नाही, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. अर्धा तास मिठात ठेवायचे आणि सुटलेलं पाणी फेकून द्यायचं, उग्रपणा त्यातच जातो. पाणी, साखर, मिरी, लवंग उकळायची, पण व्हिनेगर त्यात नाही. तिथंच लोक फसतात. गॅस बंद करून, पाण्यात बोट बुडवता आलं की मग व्हिनेगर. रंगाला बिटाची एक चकती, तीही दुसऱ्या दिवशी काढायची, नाहीतर कांद्याला मातीचा वास येतो.

अक्का करून दाखवत गेल्या तसं मुलीनं सगळं फोनवर टिपलं. अक्कांनी उठता उठता बजावलं, "हॉटेलचं नाव मात्र घालू नकोस हं."

"वेडी का मी?" मुलगी म्हणाली.

चार दिवसांत तो व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला. पाचव्या दिवशी मालकांनी अक्कांना आत बोलावलं आणि फोन पुढे धरला. वर ठळक अक्षरांत हॉटेलचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'गुपित फुटलं! तिथं कांदे करणाऱ्या बाईकडूनच शिका.'

"हा अंगठा कुणाचा?" मालकांनी विचारलं. अंगठ्यावर भाजल्याचा पांढरा डाग होता. त्यांच्याच किचनमध्ये भाजलेला.

"माझा."

"उद्यापासून येऊ नका."

"मालक, कृती माझीच होती."

"होती ना? आता साऱ्या जगाची झाली. मग मला तुमची गरज काय?"

अक्का घरी आल्या तेव्हा मुलगी फोनला डोळे लावून बसली होती.

"नाव का घातलंस?"

"नावाशिवाय कोण बघणार होतं, आई?" मग झालेलं सगळं ऐकून ती म्हणाली, "बरंच झालं की. किती दिवस कांदे सोलणार होतीस? सुटलीस." आणि लगेच तिचे डोळे चमकले. "थांब, हेच कॅमेऱ्यासमोर सांग. एकोणीस वर्षांनी काढून टाकलं म्हणून. रडू आलं तरी चालेल."

अक्का आत निघून गेल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं कुणावर?

पुढच्या महिन्यात त्यांनी तीन हॉटेलांची दारं ठोठावली. तिसऱ्या ठिकाणच्या आचाऱ्यानं मान देऊन बसवलं, एक वाटी समोर ठेवली. "चाखा मावशी. व्हिडिओ बघून केलेत." अक्कांनी चाखले. मीठ जरासं जास्त होतं, बाकी सगळं बरोबर होतं. "चांगले झालेत," त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. शेवटी एका दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाजी चिरायचं काम मिळालं. तिथं सगळ्याचंच सूप व्हायचं.

इकडे मुलीचं नाव होत गेलं. एकदा ती गाजराच्या लोणच्याचं चित्रण करत होती. अक्का दारात उभ्या होत्या. मुलीनं गरम पाणी बरणीत ओतलं आणि लगेच झाकण घट्ट लावलं. वाफ आत कोंडली, आता हे नासणार, हे अक्कांना तिथंच कळलं. सांगायला चार शब्द पुरले असते. त्यांनी चप्पल घातली आणि कामावर गेल्या.

आठवड्यानं मुलगी बरणी पुढ्यात घेऊन रडत बसली होती. वर फेस आला होता आणि व्हिडिओ बघून तसंच लोणचं घातलेले शेकडो अनोळखी लोक फोनवर तिला वाट्टेल ते बोलत होते. अक्कांना आतून गोड वाटलं. त्या गोडव्याची त्यांना शिसारी आली, पण तो गेला नाही.

"आई, माझं चुकलं कुठं?" मुलीनं विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," अक्का म्हणाल्या आणि पानं वाढायला घेतली.