पाइपावरचे तीन ठोके

मैनानं कंडोमचं तोंड नळाला लावलं आणि तोटी सोडली. आधी तो काकडीएवढा झाला, मग दुधी भोपळ्याएवढा, मग इतका मोठा, की सोजरबाई मोरीच्या उंबऱ्यावरून दोन पावलं मागं सरकली.

"अगं फुटंल की! माझ्या लुगड्यावर यील समदं."

"फुटू दे. फुटला तर तुम्ही जिंकलात."

तो फुटला नाही. मैनानं त्याला गाठ मारली, तो लदलदता गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि नुकतं जन्मलेलं बाळ दाखवावं तसा सोजरबाईच्या पुढ्यात धरला.

"चार तांबे पाणी आहे आत. आता सांगा, फाटतो म्हणून कोण म्हणालं होतं?"

"गिऱ्हाईकंच म्हणत्यात."

"मग झालं. त्यांच्याइतका अनुभव कुणाला!"

जिन्यात बसून केस विंचरणारी शकू फणी तोंडावर धरून हसली. सोजरबाई मात्र हसली नाही. बुधवार पेठेतल्या त्या तीन मजली घराची ती घरवाली होती. अकरा दारं, अकरा बायका, एक जिना आणि एक नळ, एवढा तिचा संसार. गिऱ्हाईक नाराज होऊन गल्लीत उतरलं की तिला ते पायांच्या आवाजावरून कळायचं, आणि गेले दोन महिने असे पाय वाढले होते.

"तू न्हाई म्हनतीस, शकू न्हाई म्हनती," ती म्हणाली, "आन् त्यो जातो समोरच्या दाराला. ती हो म्हनती. मग श्यानं कोन झालं?"

प्रश्न रास्त होता. मैनाला तो आठवडाभर झोपू देत नव्हता. चौतीस वर्षांची मैना गेल्या दिवाळीपासून एचआयव्ही रोखणाऱ्या एका संस्थेच्या कामाला लागली होती. दर बुधवारी संस्थेच्या सरोजिनीताई खांद्याला पिशवी लावून यायच्या आणि कंडोमची पाकिटं देऊन जायच्या. मैना ती सगळ्या दारांत पोचवायची, बायकांना रक्त तपासायला न्यायची, कंडोम नको म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं ते शिकवायची. पण एकटीनं नाही म्हणून काय उपयोग? शेजारी दुसरी हो म्हणायला उभीच.

त्या आठवड्यात बुधवारी सगळ्याजणी सोजरबाईच्या खोलीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. सरोजिनीताई भिंतीला टेकून वहीत काहीतरी टिपत होत्या. बोलणं त्याच त्या गोष्टीवर फिरत होतं. मैना एकदम उठली. परातीतलं लाटणं उचललं आणि कोपऱ्यातून वर जाणाऱ्या नळाच्या लोखंडी पाइपावर हाणलं.

ठण्ण!

आवाज तिन्ही मजले चढून गेला. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी झोपलेलं माणूस खोकलं.

"ऐकलंत? खडकवासल्याचं पाणी सकाळी तासभर येतं, बाकी दिवसभर हा पाइप रिकामाच असतो. आजपासून त्याला काम. ज्या दारानं माणूस परत पाठवला, त्या दारानं तीन ठोके द्यायचे. मग त्याच्यासाठी कुठलंच दार उघडायचं नाही. अकराच्या अकरा बंद."

"आणि एखादीनं उघडलं तर?" कुणीतरी विचारलं.

मैनानं क्षणभर विचार केला. "ती आठ दिवस पाण्याच्या रांगेत शेवटची."

आजाराचं नाव काढलं तेव्हा ज्या बायका नखं खात बसल्या होत्या, त्या सावरून बसल्या. रांगेत शेवटी म्हणजे नळाची धार नुसता धागा. धागा म्हणजे अर्धी बादली, आणि अर्ध्या बादलीत दिवस काढायचा.

"आणि मालक?" शकूनं मागून विचारलं. "आपापले मालक आले तर?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मालक म्हणजे आपला माणूस. वर्षानुवर्षं येणारा, ज्याच्या नावानं कुंकू लावायचं तो. शकूचा हिंदुराव रिक्षा चालवायचा आणि दुपार झाली की वरच्या मजल्यावर तिच्या खाटेवर घोरत पडायचा. मघाशी खोकला तो तोच.

"घरच्या माणसाचं काय मध्ये आणतेस?" मैना म्हणाली. "ते वेगळं."

सरोजिनीताईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा मैनाकडे पाहिलं, आणि पेन पुन्हा चालू लागलं.

आठव्या दिवशी पाइप पहिल्यांदा वाजला. सफारी घातलेला एक गृहस्थ शकूच्या दारातून तणतणत निघाला, शेजारी गेला, खाली आला, मधल्या मजल्यावर चार दारं ठोठावली. प्रत्येक दारामागून कडी सरकल्याचा आवाज तेवढा आला. शेवटी तो सोजरबाईसमोर येऊन उभा राहिला.

"हे काय चाललंय? घर आहे का शाळा?"

सोजरबाईनं सुपारी कातरता कातरता वर पाहिलं. तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक.

"शाळाच हाय," ती म्हणाली. "दप्तर घिऊन या."

त्या दिवशी मैना दोन घास जास्त जेवली. पुढं पाइप वाजत राहिला आणि हळूहळू कमीही वाजू लागला, कारण येणाऱ्यांनाही कळून चुकलं, की या घरात वाद घालून उपयोग नाही. सोजरबाईला नाराज पायांचे आवाज ऐकू येईनासे झाले.

सगळं छान चाललं होतं. आणि मग एका बुधवारी सरोजिनीताई जिना उतरता उतरता मधल्या मजल्यावर थांबल्या. कोपऱ्यातल्या बंद खोलीकडे बघत म्हणाल्या,

"अहो मैनाबाई, ही प्रेमलाची खोली ना?"

"हो." प्रेमला श्रावणात त्याच आजारानं गेली होती. शेवटचे तीन महिने मैनानंच तिला चमच्यानं पेज भरवली होती.

"शेवटची आठ वर्षं गिऱ्हाइकं किती होती हो तिच्याकडे?"

"एकही नाही, ताई. सोडलंच होतं तिनं. एक मालक तेवढा."

"आणि सोडलं तेव्हा रक्त तपासलं होतं?"

"स्वच्छ होतं. मला कागद दाखवला होता तिनं, पेढ्यासकट."

"हं." सरोजिनीताईंनी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "म्हणजे तुमचा पाइप आठ वर्षं अखंड वाजला असता, तरी तिच्यासाठी वाजला नसता. येते मी. जिन्यात दिवा लावा म्हणून तीन वर्षं सांगतेय, तेही जमलं तर बघा."

मैना तिथंच उभी राहिली. कुलपावर बसलेली धूळ तिनं बोटानं पुसली. बोट पदराला पुसलं. मग पुन्हा कुलूप पुसलं.

मंगळवारी दुपारी मैनाचा मालक सर्जेराव आला.

तो पुण्याबाहेरच्या मांजरी गावचा. मंगळवारी आणि शनिवारी टेम्पोतून मंडईत भाजी उतरवायचा आणि दुपारी मैनाकडे यायचा. बाकीचे दिवस लांबच्या फेऱ्या असायच्या, हुबळी, बेळगाव. सात वर्षांत त्यानं हा शिरस्ता मोडला नव्हता. मैनाला टायफॉइड झाला तेव्हा तीन रात्री तो दवाखान्याच्या बाकावर बसून होता. त्याचा निळा कप तिच्या भिंतीवर स्वतंत्र खिळ्याला टांगलेला असायचा आणि दुसरं कुणी त्याला हात लावलेला तिला चालायचा नाही.

त्यानं मेथीची जुडी ओट्यावर ठेवली, पाय धुतले आणि चटईवर मांडी घालून बसला. आज तो खुशीत होता.

"खोली बोलून आलो बग," तो म्हणाला. "मांजरीला, उसाच्या पल्याड नवी चाळ झालीया तिथं. संक्रांत झाली की सामान हलवू. आन् ऐक, घरात नळ हाय. चोवीस तास पानी. रांग न्हाई न् फिंग न्हाई."

मैनाचा हात चहाच्या पातेल्यावर थांबला. चोवीस तास. मध्यरात्रीसुद्धा तोटी फिरवली की धो धो. तिनं चहा गाळला, निळा कप भरला, बशीत ठेवला. मग ब्लाउजमधून पाकीट काढलं आणि कपाच्या शेजारी बशीतच ठेवलं.

सर्जेरावानं कप उचलला. पाकीट पाहिलं. आधी हसला.

"ह्ये कुनाचं राहिलं?"

"कुणाचं नाही. तुमच्यासाठी. माझ्यासाठीही."

हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

"सात वर्सं झाली, मैने. सात वर्सांत तुला मी गिऱ्हाईक वाटलो व्हय?"

"नाही वाटलात. म्हणून तर सात वर्षं विचारलं नाही."

"मग आज काय झालं?"

"प्रेमला आठवली."

"तिला मी खांदा दिलाय."

"माहीत आहे. तिनंही कधी विचारलं नव्हतं." मैना त्याच्यासमोर बसली. "उद्या बुधवार आहे. दोघं जाऊ, रक्त तपासून येऊ. तोवर हे. नंतरही हेच."

"म्हंजे माझ्यावर भरवसा न्हाई."

"हुबळीला मुक्काम असतो. बेळगावला असतो. मी कधी विचारलं, कुठं उतरता म्हणून?"

सर्जेराव कपात बघत राहिला. चहावर साय धरू लागली. मैना वाट बघत होती. तो नुसतं 'टेम्पोतच झोपतो' म्हणाला असता, तरी तिनं ते ऐकून घेतलं असतं. त्यानं कप खाली ठेवला.

"त्या खोलीचं इसर मग," तो उठत म्हणाला. "ती मी बायकूसाठी बघितली हुती, मास्तरनीसाठी न्हाई."

"ठीक आहे."

"ठीक हाय? चोवीस तास पानी हाय म्हनतो मी!"

"ऐकलं मी. पाकीट बशीत आहे."

त्यानं चपला पायांत सरकवल्या. "वर दारं काय कमी हायेत?" असं म्हणून तो खरंच जिन्याकडे वळला. खाली नाही, वर.

मैना बसली तिथंच बसून राहिली. एक पायरी. दोन. तिसरी करकरायची, ती करकरली. तिनं कणकेचे हात पुसायला पदर घेतला, तेव्हा लक्षात आलं की अजून कणीक मळलेलीच नाही. मग ती उठली आणि लाटणं घेऊन कोपऱ्यातल्या पाइपापाशी गेली.

ठोका दिला की अकरा दारांना कळणार होतं. सोजरबाईला कळणार होतं. मैनाचा मालक म्हणून ज्याच्यासाठी सगळ्या जिन्यात अंग चोरून वाट द्यायच्या, तो आज परत पाठवलेला माणूस होता, आणि हे एकदा पाइपानं सांगितलं की मग कुठल्याच तोंडानं परत घेता येणार नव्हतं.

ठण्ण.

वरची पावलं थबकली.

ठण्ण.

दोनच ठोके म्हणजे काहीच नाही. पाइपाला काहीतरी आपटलं असेल, भांडं लागलं असेल. जिन्यातला माणूसही बहुधा तेच मोजत होता. हे ठोक्यांचं तिनंच त्याला सांगितलं होतं, आणि तो पोट धरून हसला होता, म्हणाला होता, नाव काढशील. मैनानं लाटणं घट्ट धरलं. खोलीत मेथीचा हिरवा, ओला वास भरून राहिला होता.

ठण्ण!

एकेक कडी सरकत गेली. वरची, मग मधली, मग शेवटी शकूची. शकूची कडी नेहमी अडकायची. आजही अडकली, पण लागली.

सर्जेराव खाली आला. मैनाच्या दारात थांबला. एवढा मोठा माणूस, पण भर वर्गात हातावर छडी खाल्ल्यासारखं तोंड झालं होतं.

"मैने. तुजा मालक हाय गं मी."

"चहा निवला असेल," ती म्हणाली. "दुसरा करते. पाकीट तिथंच आहे."

तो बशीकडे बघत उभा राहिला. मग वळला आणि उतरत गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीत कुणावर तरी हॉर्न वाजला, आणि मग नेहमीची दुपार झाली. मैनानं निळा कप मोरीत रिकामा केला, विसळला आणि त्याच्याच खिळ्याला टांगला. परात पुढ्यात घेतली. पिठात पाणी घातलं. कणीक जरा सैल झाली, तिनं आणखी पीठ घेतलं.

तेवढ्यात वरून आवाज आला.

टिंग. टिंग. टिंग.

लाटणं नव्हतं ते. स्टीलचा पेला असावा. ठोके बुजरे होते, पण तीन होते. मैना कान देऊन ऐकत राहिली. वर तर कुणीच गेलं नव्हतं.

"अगं ए शकू!" झोपेनं जडावलेला एक पुरुषी आवाज भडकला. "काय लावलंय टिंगटिंग? पाकीट मागतीयेस, मला? आत्ता?" मग खाट कुरकुरली, आणि हिंदुरावाची पावलं आदळत जिना उतरू लागली. मैनाच्या दारावरून तो शर्टाची बटणं लावत गेला, वरखाली चुकलेली.

खालून सोजरबाईनं हाक दिली, "कोन हाय गं? कुनाला परत लावलंस?"

मग शकूचा आवाज आला. तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असा होता.

"घरचंच माणूस आहे, सोजरबाई!"

मधल्या मजल्यावर कुणीतरी खुदकन हसलं. मग एकेक करून कड्या सरकल्या, सगळ्या, शेजारधर्म पाळावा तशा.

मैनानं गोळा पोळपाटावर ठेवला. लाटण्याला मधोमध खाच पडली होती. पोळी गोल झाली, पण तिच्यावर आडवी रेघ उठली. तिनं ती तशीच तव्यावर टाकली आणि दुसरा गोळा घेतला.