जावयाचे आयकॉन

साहेब, तुम्ही मला कोंडून ठेवलंय. दाराला कुलूप नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

राजीनामा दिला तेव्हा म्हणालात, "तेवढे आयकॉन एका मापाचे कर आणि खुशाल जा." आपल्या प्रोग्रामच्या वरच्या पट्टीतली ती चित्रं: कात्री, फोल्डर, प्रिंटर. निम्मी ठसठशीत, निम्मी मुंगीएवढी. मला वाटलं, दुपारभराचं काम.

मोजलं तर माप सगळ्यांचं एकच. चौकोन सारखेच, पण निम्म्यांत कडेने रिकामी जागा सोडलेली, म्हणून आतलं चित्र बारीक. शेजारच्या टेबलावरची, जिला आम्ही भिंग म्हणतो, हळूच म्हणाली, "त्यांना हात लावू नकोस बाई. साहेबांच्या जावयाने काढलेत. ऐसपैस बसायची सवय आहे त्याला."

मग मी चौकोनच मोठे केले. पट्टी फुगली, शेवटचं बटण पडद्याबाहेर गेलं. तुम्ही ओरडलात. पुन्हा लहान केले, पुन्हा मुंग्या. शेवटी कंटाळून जावयाच्या चित्रांच्या रिकाम्या कडा छाटल्या आणि चित्रं चौकोनभर केली. सगळी एका ओळीत नीट बसली. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पाहिलंत. "जमलं की गं," म्हणालात. मग विचारलंत, कसं केलं. मी सांगितलं आणि तुमचा चेहरा पडला.

"होतं तसं कर. मला जावयाबरोबर एकाच घरात राहायचंय."

"आणि माझं जाणं?"

"आयकॉन एका मापाचे झाले की."

सोमवारी मला आईच्या गावी नव्या कामावर हजर व्हायचंय. तुम्ही मोकळं केल्याशिवाय ते घेत नाहीत. काल वहिनीचा फोन आला. "वन्सं, परवा आई गॅस चालू ठेवून झोपल्या. त्यांना एकटं सोडवत नाही. तुम्ही नाही आलात तर मलाच नोकरी सोडावी लागेल. तुमची ती चित्रं अजून वाढीला लागली नाहीत का?" मी हसले आणि फोन ठेवला.

जावयाला चार शब्द सांगायला तुम्ही घाबरता. भीती तुमची, भोगायचं माझ्या माणसांनी.

छाटलेले आयकॉन मी पुसलेले नाहीत. ते लावू, की जावयाचे होते तसेच ठेवून मला सोडताय? आज ऑफिस बंद व्हायच्या आत, माझ्या तोंडावर सांगा.