दुसऱ्यांच्या मुलींसाठी

नंदाखाल गावच्या आग्नेलच्या घरी संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कधी चुकली नव्हती. केळीच्या वाडीला पाणी लावून तो घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि घरातल्या आल्तारासमोर, क्रूसापुढे, गुडघे टेकायचा. मागे बायको इझाबेल आणि एकुलती मुलगी लूर्डस. ‘नमो मरिया’चा पहिला भाग तो म्हणायचा, उरलेला त्या दोघी. शेवटी एक मागणं ठरलेलं असायचं : प्रभू, आमच्या गावातल्या मुलामुलींना तुझ्या सेवेसाठी बोलाव.

१९९६ सालचा पावसाळा सरला होता. एके संध्याकाळी प्रार्थना संपली तरी लूर्डस जागची उठली नाही. ती तेव्हा गावातल्याच शाळेत शिकवत होती. एक-दोन चांगली स्थळंही सांगून आली होती.

"बाबा, मला मठात जायचंय, सिस्टर व्हायचंय," ती म्हणाली.

आग्नेल जपमाळ डबीत ठेवत होता. त्याने इझाबेलकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, तेव्हा तिला हे आधीच ठाऊक होतं हे त्याला कळलं.

"मी दुसऱ्यांच्या मुलींसाठी मागत होतो," तो म्हणाला आणि वाडीत निघून गेला.

त्याने तिला अडवलं नाही. अडवायचं तरी कुणाच्या नावाने? ज्याच्याकडे गाऱ्हाणं घालायचं त्याच्याकडेच ती निघाली होती. निघायच्या दिवशी शेजारपाजार जमला. लूर्डस बापाच्या आशीर्वादासाठी थांबली, तर आग्नेल विहिरीवर पंप दुरुस्त करत बसलेला. पंप बिघडलेला नव्हता. शेवटी तीच विहिरीपाशी गेली. "येते, बाबा," म्हणाली. त्याने हातातला पाना न सोडता मान हलवली.

त्यानंतर रोझरी दोघांचीच झाली. दम लागून इझाबेल मध्येच थांबायची आणि तेवढ्या वेळात दोघांचेही कान तिसऱ्या आवाजाकडे लागायचे. ते शेवटचं मागणं आग्नेलने सोडून दिलं. इझाबेलने एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "घेतली ना त्याने. आता आणखी काय मागू?"

लूर्डसने व्रतं घेतली त्या दिवशीही तो गेला नाही. वाडी कोण बघणार, असं त्याने सांगितलं. पुढे तिची नेमणूक मध्य प्रदेशात झाबुआकडच्या एका गावात झाली. तिथे आदिवासी मुलींचं वसतिगृह होतं. अधूनमधून शेजारच्या कॅथरिनकडे तिचा फोन यायचा. इझाबेल बोलायची. आग्नेल दाराशी उभा राहून ऐकायचा, पण फोन हातात घ्यायचा नाही.

असाच एकदा फोन झाल्यावर इझाबेल म्हणाली, "मलेरिया झाला होता तिला. आता बरी आहे म्हणते."

घरी आल्यावर आग्नेलने विचारलं, "तिकडे कुठली गाडी जाते?"

ती दोघं पोचली तेव्हा लूर्डस हापशावर मुलींची डोकी धुऊन देत होती. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, गालाची हाडं वर आलेली. आईबापाला बघून ती ओल्या हातांनीच धावत आली. घरच्या बोलीत भराभर बोलू लागली आणि मध्येच अडली.

"केळफुलाला आपण काय म्हणतो हो, बाबा? इथे हिंदी नाहीतर भिली. माझे शब्द हरवायला लागलेत."

आग्नेलने शब्द सांगितला. तिने तो हलकेच दोनदा म्हणून पाहिला.

इझाबेलने घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी आणली होती. लूर्डसने ती सगळी मुलींना वाटली. "एक तरी तू खा," इझाबेल म्हणाली. मग लूर्डसने एक तोंडात टाकलं आणि ते सरेपर्यंत डोळे मिटून उभी राहिली.

संध्याकाळी मुलींच्या प्रार्थनेला आग्नेल मागे बसला. त्याला भाषा कळत नव्हती. तरी कुठे थांबायचं, कुठे उत्तर द्यायचं ते कळत होतं. त्याने आपल्या भाषेत उत्तर दिलं.

नंतर ओट्यावर त्याने विचारलं, "घरची आठवण येते?"

"रोज येते."

"मग?"

"मग काही नाही, बाबा. येते. ती जाऊ दे असं मात्र मी कधी मागत नाही."

"आम्हालाही येते," तो म्हणाला आणि त्याने अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला.

सकाळी ती फाट्यापर्यंत सोडायला आली. बस यायला उशीर होता. तेवढ्यात वसतिगृहातून एक मुलगी पळत आली. कुणीतरी झाडावरून पडलं होतं. लूर्डसने आईचा हात दाबला, बापाकडे पाहिलं आणि ती त्या मुलीच्या मागे धावत सुटली. आग्नेलला तिला हाक मारावीशी वाटली. त्याने मारली नाही. लाल मातीच्या रस्त्यावर पांढरी साडी लहान होत गेली. बस आली तरी तो तिकडेच बघत होता. इझाबेलने त्याचा दंड धरून त्याला गाडीत चढवलं.