डाव्या हाताचे टाके

मी एक जुनी वाकळ आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी काही जण मला गोधडी म्हणतील. म्हणा बापडे, मला राग नाही. लोह्याजवळच्या एका वस्तीत, धुरपताबाईंच्या घरी मी राहते. माझ्या पोटात त्यांच्या मालकांची, शेषेरावांची, विरलेली धोतरं आहेत. वरच्या अंगाला त्यांच्या लेकीची, सिंधूची, निळी साडी आहे. चौदा एप्रिलला हौसेनं घेतलेली.

मला शिवायला मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या. सारवलेल्या अंगणात मला अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. एकीने या काठाकडून, दुसरीने त्या काठाकडून टाके घालत मध्यावर भेटायचं, असा बेत होता. पण सिंधू डावखुरी. तिचा एकेक टाका उलट्या बाजूला कलायचा, आणि ते धुरपताबाईंच्या डोळ्यांत खुपायचं.

“उसव ती टाक्यांची वळ. उजव्या हातानं शीव. लोक हसतेत,” त्या म्हणाल्या.

“हसू दे की माय. मी सासरला गेल्यावर तुला वळखू तर येईल, कोणती बाजू माझी हाय ते!” असं म्हणून सिंधू दाताखाली जीभ धरून शिवत राहिली.

खरं सांगते, तेव्हा मला माझीच लाज वाटायची. अर्धं अंग इकडे कललेलं, अर्धं तिकडे. वाळत घातलं की बायका बघून हसायच्याच.

सिंधूचं लग्न शिरूर अनंतपाळला झालं. रुखवतात नवी गादी दिली होती, म्हणून मला ती मायजवळ ठेवून गेली. दुसऱ्याच वर्षी तिला कावीळ झाली. लातूरच्या दवाखान्यात नेलं, पण तिथून ती परत आली नाही.

त्यानंतर धुरपताबाई मला पांघरताना सिंधूची बाजू छातीवर घ्यायच्या. झोप लागेपर्यंत त्यांचा अंगठा त्या उलट्या टाक्यांवरून फिरत राहायचा. मला त्या कुणाला धुऊ द्यायच्या नाहीत. पुढे मोतीबिंदूने त्यांची नजर पार मंदावली. वर्षानुवर्षं उन्हात पडून माझी निळाई उडून राखेसारखी झाली, तेही त्यांना दिसत नव्हतं. अंगठ्याला मात्र सगळं दिसायचं.

अखेर या हिवाळ्यात मुलाने, व्यंकटीने, त्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नांदेडला नेलं. निघताना त्यांनी मला कुरवाळलं. “डोळे आले की आधी सिंधीचे टाके बघीन,” त्या पुटपुटल्या. ते मी ऐकलं. सून ज्योत्स्ना चुलीपाशी होती, तिच्या कानावर ते गेलं नाही.

ज्योत्स्ना मनाने फार चांगली, मित्रांनो. तिने माझे लोंबणारे दोरे पाहिले आणि सासू येईपर्यंत मला नवी करायचं मनात घेतलं. लोह्याला मशीनवर वाकळ शिवून देणारं एक दुकान आहे, तिथे ती मला घेऊन गेली. कारागीर म्हणाला, “जुने दोरे काढावे लागतेत ताई, न्हाईतर मशीनीत अडकून राहतेत.” ती म्हणाली, “काढा की.” ब्लेडने तो टाके कापत गेला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. सिंधूच्या हाताचे दोरे जमिनीवर पडले, आणि झाडूबरोबर गेले.

धुरपताबाई काळा चष्मा लावून परत आल्या. ज्योत्स्नाने कौतुकाने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मशीनची सरळ शिलाई, या काठापासून त्या काठापर्यंत.

“लई नेटकी केलीस बाई,” त्या म्हणाल्या, आणि माझ्यावरचा हात काढून घेतला.

“काय झालं मामी?” आमच्याकडे सुना सासूला मामीच म्हणतात.

“काय न्हाई. आमची सिंधी डावखुरी व्हती.”

ज्योत्स्नाला कळलं. तशीच ती दुकानाकडे पळाली आणि रिकाम्या हाताने परतली. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला उन्हात अंथरलं. एकदम ओरडली, “मामी, हिकडं या!” माझा रंग उडाला होता, पण जिथे सिंधूच्या दोऱ्याने ऊन अडवलं होतं, तेवढ्या जागी साडी अजून गर्द निळी होती. बारीक बारीक निळ्या खुणा, सगळ्या उलट्या कललेल्या. अंगठ्याला न कळणाऱ्या त्या खुणा धुरपताबाईंनी नव्या डोळ्यांनी पाहिल्या, आणि माझ्यावर ओणव्या होऊन त्या पोटभर रडल्या.

त्या खुणाही आता उन्हाने विटत जाणार. म्हणून ज्योत्स्ना सुई डाव्या हातात धरून एकेका खुणेवर टाका घालते. बोटाला सुई टोचते, टाके वेडेवाकडे पडतात. काल धुरपताबाईंनी त्यांवरून अंगठा फिरवला आणि मध्येच थांबवला.

“सिंधीसारखे न्हाई आले ना मामी?”

“न्हाई. हे तुझे हाइत. वळखू येतेत.”

मित्रांनो, आम्ही फाटलो तर जरूर शिवा, विटलो तर धुवा. पण आमचा एकही टाका उसवण्याआधी घरात एकदा विचारा, हा कुणाच्या हातचा आहे म्हणून. माझ्या वेळी तसं कुणी विचारलं नव्हतं.